सूचना : दहावीनंतरच्या तांत्रिक शिक्षणाबद्दल रविवारची बैठक

सर्व पालक सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी संध्याकाळी ६ वाजता, ऊन उतरल्यावर, सोसायटीच्या हॉलमध्ये बसू. नववी-दहावीतल्या पोट्ट्यांना आणि पोरींना सोबत आणावे. निर्णय त्यांचाच आहे.

'मार्क कमी पडले म्हणून आयटीआय' हे वाक्य आपल्या ग्रुपवर फार फिरते. ते जरा बाजूला ठेवू. आयटीआय म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्था. तिथले इलेक्ट्रिशियन, फिटर हे ट्रेड (अभ्यासक्रम) दोन वर्षांचे, वेल्डर एका वर्षाचा. पुढचा रस्ताही बंद होत नाही : दोन वर्षांचा आयटीआय झालेल्या मुलाला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्याही दुसऱ्या वर्षाला. शिवाय १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यामुळे कारखान्यात शिकताना विद्यावेतन मिळते. बुटीबोरी, हिंगणा आणि मिहान हे औद्योगिक भाग आपल्याला जवळ आहेत, हा नागपूरकरांचा फायदाच.

नववीतल्यांसाठी : काही शाळांत व्यवसाय शिक्षणाचा विषय घेता येतो. आपल्या शाळेत आहे का, ते आधी विचारून या. हाताने काम करताना गणित-विज्ञान कळू लागते, हा मला सर्वांत मोठा फायदा वाटतो, नोकरी त्यानंतर. आणि हो, मुलींनी फक्त शिवणकामच घ्यावे असा कुठेही नियम नाही.

श्रद्धानंदपेठेतले सरकारी आयटीआय आणि सदरचे शासकीय पॉलिटेक्निक एकदा मुलांना दाखवून आणायचा विचार आहे. येणाऱ्यांनी शनिवारपर्यंत ग्रुपवर नाव टाकावे.

– सचिव