सही करायच्या आधी टेरिटरीचं पान वाच

प्रिय दोस्ता,

अभिनंदन, अगदी मनापासून! फोनवर नीट बोलताच आलं नाही, तू डबिंग स्टुडिओच्या बाहेर उभा आणि मी ट्रेनमध्ये, दर दोन वाक्यांनी रेंज जात होती, म्हणून आता निवांत बसून लिहितोय. तुझा पिक्चर ओटीटीवर जातोय हे मी इथे सगळ्यांना सांगून झालंय, ज्यांनी तुझं नावही ऐकलं नव्हतं त्यांनासुद्धा. पण तू एक वाक्य सहज बोलून गेलास ना, "अरे वर्ल्डवाइड राइट्स घेतायत ते, म्हणजे तू पण जर्मनीत बसून बघशील", ते काही डोक्यातून जात नाहीये. कारण तसं होईलच असं नाही रे. जगभराचे हक्क घेणं वेगळं आणि पिक्चर जगभर दाखवणं वेगळं, आणि या दोन्हीच्या मधे आपले किती मराठी पिक्चर, किती मालिका अडकून पडल्यात ते बाहेर राहिल्याशिवाय कळत नाही. लांबेल पत्र, पण सही करायच्या आधी पूर्ण वाच.

आई उन्हाळ्यात इथे आली होती तेव्हाचं सांगतो. तिची संध्याकाळची मालिका तुला माहितीये, त्या वेळेत तिला फोन करायची कुणाची हिंमत नसते. ॲपचे वर्षाचे पैसे तिने तिकडे रीतसर भरलेले. इथे आमच्या वायफायवर उघडलं की एकच पाटी, ही सेवा तुमच्या देशात उपलब्ध नाही. मग एकदा वायफाय बंद झालं आणि तिच्या भारतातल्या सिमचं रोमिंग चालू होतं, तर तीच मालिका, त्याच सोफ्यावर, व्यवस्थित सुरू झाली. आईला वाटलं आमच्या वायफायमध्येच बिघाड आहे. बिघाड कसलाच नव्हता. रोमिंगमध्ये टॉवर जर्मनीतला असला तरी नेट बहुतेक वेळा फिरून भारतातल्या कंपनीच्याच गेटवेमधून बाहेर पडतं, त्यामुळे ॲपला आयपी ॲड्रेस, म्हणजे फोनचा नेटवरचा पत्ता, भारतातला दिसतो, आणि वायफायवर तो जर्मन दिसतो. बाई तीच, फोन तोच, भरलेले पैसे तेच, आणि तरी एकदा ती प्रेक्षक आणि एकदा परकी. रोमिंगचा पॅक बघता बघता संपला आणि उरलेली सगळी सुट्टी माझी बहीण तिकडून रोज रात्री फोन करून आईला आजच्या भागात काय झालं ते सांगायची. मला त्याचं खरंच वाईट वाटलं. पैसे भरलेल्या माणसाला स्वतःच्या भाषेतली गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागते.

आणि आईकडे निदान भारतातला नंबर आणि कार्ड तरी होतं. इथे कायम राहणाऱ्याला एका मागोमाग एक दारं बंद मिळतात. फोनचं ॲप स्टोअर जर्मनीचं असेल तर कित्येक भारतीय ॲप सर्चमध्ये दिसतच नाहीत, स्टोअरचा देश बदलावा तर त्या देशातलं कार्ड लागतं, ॲप कसंबसं मिळालंच तर लॉगिनला +91 चा नंबर मागतात, ओटीपी यायला ते सिम चालू ठेवायला लागतं, आणि एवढं करून शेवटी आयपी बघून बाहेरच काढतात. म्हणजे पैसे द्यायला माणूस तयार आहे, कार्ड हातात घेऊन उभा आहे, आणि घेणारा कुणी नाही.

लोक म्हणतात व्हीपीएन लाव, म्हणजे दुसऱ्या देशातल्या सर्व्हरमधून नेट फिरवून तिथला आयपी दाखव. तू पण म्हणाला होतास. ऐक, 2016 च्या जानेवारीत नेटफ्लिक्स भारतासकट 130 नव्या देशांत सुरू झालं आणि त्याच महिन्यात त्यांनी जाहीर केलं की प्रॉक्सी आणि व्हीपीएनवरून बघणाऱ्यांना अडवणार. तेव्हापासून हा पाठशिवणीचा खेळ सगळीकडे चालूये, डेटा सेंटरचे आयपी ओळखून ब्लॉक करतात. भारताच्या बाबतीत त्यात आणखी भर, 28 एप्रिल 2022 ला सर्ट-इनचा, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचा, आदेश आला की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची माहिती 5 वर्षं ठेवायची, तर एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी आपले भारतातले सर्व्हरच काढून घेतले. तो आदेश बरोबर की चूक ते आपण वेगळं भांडू, पण बाहेर बसून भारताचा आयपी मिळवणं त्याने अजून कठीण झालं हे नक्की. आणि मुळात मला चोरदरवाजा नकोच आहे. मला दारातून यायचंय, तिकीट काढून.

टॉरेंटचं तर नावच नको. इकडे शिकायला आलेली पोरं, नवीन असतात, तिकडची सवय, होस्टेलच्या नेटवर पिक्चर उतरवतात आणि काही आठवड्यांनी वकिलाच्या ऑफिसातून जाडजूड पत्र येतं, आबमानुंग म्हणतात त्याला, शेकड्यांनी युरो मागतात. कारण टॉरेंटमध्ये तू उतरवत असतानाच तुझ्याकडून पुढे अपलोड पण होत असतं. आणि तरी टेलिग्रामवर मराठी पिक्चर फिरतातच. प्रत्येक वेळी बघणाऱ्याला फुकटच हवं असतं असं नाही, पुष्कळदा विकत मिळायची सोयच नसते म्हणून ते फिरतात.

आता हे असं का, तर तंत्रज्ञानाचा यात काहीच दोष नाही, सगळं कागदावर आहे. तू या धंद्यात आहेस, टेरिटरी, म्हणजे कुठल्या प्रदेशाचे हक्क कुणाला, हे तुला सांगायची गरज नाही. आपल्याकडे तर पिक्चर पहिल्यापासून तुकड्यातुकड्यानेच विकला जातो, बॉम्बे सर्किट, निजाम, सीपी-बेरार, निजामाचं राज्य जाऊन किती वर्षं झाली तरी वितरकांच्या वहीत ते अजून आहे, आणि आपला मराठवाडा निजामात, विदर्भ सीपी-बेरारमध्ये, म्हणजे एका महाराष्ट्रातच मराठी पिक्चरला तीन तीन हद्दी. शेवटी एक रकाना ओव्हरसीज. थेटरच्या प्रिंटा पेटीत घालून पाठवायच्या काळात हे बरोबर होतं, ज्याच्या गावात पेटी जाणार त्याने हक्क घ्यायचे. नेट आलं तरी करार त्याच साच्यात राहिले.

मोठ्या गोष्टींना हा साचा चालतो. आयपीएलचंच बघ ना, 2023 ते 2027 चे हक्क जून 2022 मध्ये विकले गेले, एकूण 48,390 कोटींना, त्यात भारतातला टीव्ही वेगळा, भारतातलं डिजिटल वेगळं आणि भारताबाहेरचं वेगळंच पॅकेज, आणि त्या बाहेरच्या पॅकेजचे परत तुकडे, ब्रिटन-ऑस्ट्रेलिया-दक्षिण आफ्रिका एकाकडे, अमेरिका आणि आखात दुसऱ्याकडे. तिथे एखादी मॅच एका ॲपवर बंद दिसली तर दुसऱ्या कुणाकडे तरी ती चालू असते, त्याने त्या देशाचे पैसे मोजलेले असतात. याला मी अन्याय म्हणणार नाही. पण मराठी पिक्चरचं तसं नाहीये दोस्ता. जर्मनी, पोलंड किंवा जपानचे हक्क दुसऱ्या कुणी घेतले म्हणून तो तिथे बंद आहे असं होत नाही. कुणीच घेतलेले नसतात. नाहीतर तुझ्यासारखं, एकानेच जगभराचे घेऊन ठेवलेले असतात आणि त्याची सेवाच त्या देशात नसते, किंवा असते पण मराठीचा कॅटलॉग तिकडे चढवायची तसदी कुणी घेत नाही, किंवा गाण्यांचे हक्क फक्त भारतापुरते घेतलेले असतात म्हणून लीगलवाले घाबरतात. कारण काहीही असो, बघणाऱ्याला पाटी तीच दिसते.

युरोपात यावर थोडा विचार झालाय, तो तुला सांगितलाच पाहिजे. 1 एप्रिल 2018 पासून इथे नियम आहे की युरोपियन युनियनमधल्या माणसाने आपल्या देशात पैसे भरून जी ऑनलाइन सेवा घेतली असेल ती त्याला युनियनमधल्या दुसऱ्या देशात तात्पुरतं गेल्यावरही घरच्यासारखीच मिळाली पाहिजे, जास्तीचे पैसे न घेता. कायद्याने धरून चालायचं की तो माणूस घरीच बसून बघतोय. ऑफिसातला एक स्पॅनिश सहकारी इथे ट्रेनिंगला येतो तेव्हा संध्याकाळी स्वतःच्या देशातल्या मॅचेस हॉटेलात आरामात बघतो. माझ्या आईची अडचण शब्दशः हीच होती, पण तिचं घर नाशिकला असल्यामुळे हा नियम तिला लागू नाही. ब्रिटन युनियनमधून बाहेर पडल्यावर 2021 पासून ब्रिटिश लोकांचाही हा हक्क गेला. म्हणजे हद्दी ठेवूनही सुट्टीवर गेलेल्या माणसाला बघू देता येतं, कंपन्यांना ते जमतं. भारत सरकारने असं काही कधी मनावर घेतलं तर किती आईवडील दुवा देतील, मुलांकडे सहा सहा महिने येऊन राहणारे.

पण सरकारची वाट बघत बसायची नाही, तुझ्या हातात जे आहे ते बोलू. आपला कॉपीराइट कायदा 1957 चा, त्यातलं कलम 19 तुझ्या वकिलाला तुझ्यासमोर वाचायला लाव. करारात प्रदेश लिहिला नसेल तर हक्क फक्त भारतापुरते दिले असं कायदा धरतो. मुदत लिहिली नसेल तर 5 वर्षं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हक्क घेणाऱ्याने एका वर्षात ते वापरलेच नाहीत तर ते संपतात. फक्त तिथे एक मेख आहे, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तरच. आणि छापील ड्राफ्टमध्ये तेच वेगळं लिहिलेलं असतं, बारीक अक्षरात, की हक्क वापरले नाहीत तरी ते परत जाणार नाहीत. ते वाक्य शोध आणि खोड. नाहीच खोडू दिलं तर निदान एवढं लिहून घे की रिलीजपासून अमुक महिन्यांत ज्या देशात पिक्चर प्रत्यक्ष दिसत नसेल त्या देशाचे हक्क तुझ्याकडे परत. त्यांना त्यात काय तोटा आहे? जिथे ते विकणारच नाहीत तिथला माल अडवून ठेवून त्यांना एक रुपया मिळत नाही. तुला मात्र तिथे स्वतः भाड्याने लावता येईल, कुठल्या छोट्या प्लॅटफॉर्मला देता येईल, मंडळांना शो करू देता येईल.

गाण्यांचा करार वेगळा बघ. तुझ्या पिक्चरमध्ये ते जुनं गाणं आहे ना, लग्नाच्या सीनमध्ये, ते म्युझिक कंपनीकडून कुठल्या प्रदेशासाठी घेतलंय ते आत्ताच विचार. एका गाण्यापायी अख्खा पिक्चर भारताच्या हद्दीत अडकायला नको. आणि इंग्रजी सबटायटलचे हक्क आणि ती फाईल स्वतःकडे ठेव, ती पुन्हा करायला परत खर्च येतो. सबटायटल म्हणजे नुसती परदेशी परीक्षकांची सोय समजू नकोस. इथे माझ्या ओळखीत दोन घरं अशी आहेत जिथे बायको जर्मन आहे आणि मुलांना मराठी समजतं पण भराभर बोललेलं झेपत नाही, ते सगळे एका सोफ्यावर बसून बघू शकतात ते सबटायटलमुळेच. मॉरिशसमध्ये पिढ्यानपिढ्या राहिलेले मराठी लोक आहेत, इस्रायलमध्ये बेने इस्रायली, म्हणजे महाराष्ट्रातून गेलेले ज्यू, आहेत, त्यांच्याकडे ना +91 चा नंबर ना भारतातलं कार्ड. त्यांना ओव्हरसीजच्या रकान्यात कोण धरतं?

मला माहितीये तू काय म्हणशील, की पहिलाच पिक्चर आहे, घासाघीस केली तर डीलच जाईल, आणि बाहेर बघणारे असे किती. किती ते मला नाही सांगता येणार. पण लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 पासून आहे, अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 पासून आहे, त्यांच्या अधिवेशनाला हजारोंनी माणसं स्वतःच्या खर्चाने विमानाने जातात. ही माणसं तुझ्या पिक्चरचं तिकीट काढणार नाहीत असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नकोस. आणि पैशाचं सोड, तू हा पिक्चर ज्या गावावर केलास त्या गावातली पोरं आज कुठे कुठे आहेत ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहितीये. स्क्रिप्टचा पहिला खर्डा तू मला रात्री जागून वाचून दाखवला होतास, तो पिक्चर मी पाच वर्षं पाटी बघत बसून चुकवायचा, हे मला अजिबात मान्य नाही.

ड्राफ्टची पीडीएफ पाठव, पूर्ण नको, टेरिटरी, मुदत आणि हक्क परत येण्याची पानं पाठव. इथल्या मंडळातल्या एक ताई मीडियाच्या करारांचंच काम करतात, त्यांच्याशी बोललोय, त्या फुकट वाचून देणार आहेत, पण सही कुठे अडवायची ते तुझ्या तिकडच्या वकिलाने ठरवायचं. शुक्रवारी तुझ्या वेळेने रात्री नऊला फोन करतो, वकिलाला पण लाइनवर घे. आणि तोवर त्या लोकांना फक्त एक मेल टाक, की भारताबाहेर कुठल्या कुठल्या देशांत, कुठल्या तारखेपासून दाखवणार ते देशांच्या नावांसकट लिहून द्या. तोंडी उत्तर घेऊ नकोस.

तुझा,
दोस्त