मांजराचे जंत आणि वाड्यातली सभा

सांगली, गावभाग

प्रिय मंदे,

दुसऱ्या कुणाला हे सांगितलं तर 'मांजरांचं काय घेऊन बसलीस' म्हणतील, म्हणून तुलाच लिहिते. माझी शुगर ठीक, आईचे गुडघे आहेत तसेच.

मागच्या न्हाणीत भाटी मांजर व्यालीये. पिल्लांच्या पाठी हडकलेल्या, केस राठ आणि पोटं टम्म. काकू म्हणायच्या, दूध पिऊन गुबगुबीत झालीत! परवा त्यातलं कबरं ओकलं. वाकून बघते तर शेवयांसारखे पांढरट जंत, गुंडाळी होऊन वळवळत होते.

झालं, वाड्यात सभा भरली. काकू म्हणाल्या, पोत्यात घाला आणि आयर्विन पुलापलीकडं सोडून या. अगदी तुझ्या मनी मांजरीला सोडलं तसं. (तेव्हा अण्णांना मी सांगितलं नव्हतं, मंदे. आजही तेच सांगते.)

काकूंची भीती खोटी नाही. मांजरं घाण करतात त्याच मातीत पिंट्याची पोर दिवसभर खेळते. या जंतांची अंडी पोटात गेली तर अळ्या माणसाच्या यकृतात, फुप्फुसात, क्वचित डोळ्यातही शिरतात. पण मांजरं हाकलून माती साफ होते का गं? पडलेली अंडी महिनोन्‌महिने जिवंत राहतात, वर्षभरसुद्धा. उलट घाण रोजच्या रोज उचलली तर बरंच टळतं, कारण अंडी बाधायला मातीत दोन-चार आठवडे जावे लागतात. ती मी उचलतेय. पोरीचे हात साबणानं धुवायचं तेवढं तिच्या आईनं बघावं.

डॉक्टरांनी पिल्लांना वजनावर पायरँटेल दिलंय. दर पंधरा दिवसांनी परत पाजायचं, कारण ते आतड्यातल्या जंतांनाच मारतं. अंगात फिरणाऱ्या अळ्या मागाहून आतड्यात उतरतात. आणि पिल्लांना हे जातं आईच्या दुधातून, तेव्हा भाटीलाही औषध हवंच. तिथंच सगळं अडलंय. ती अंगाला हात लावू देत नाही. सुकटीत कालवून ठेवलं, तर वरच्या आळीतला बोका चाटूनपुसून गेला. त्याचे जंत पडले असतील, फुकटात! बरं, हिला पाजलं तरी उंदीर खाऊन पुन्हा होणारच. म्हणजे अधूनमधून द्यावंच लागणार. पण निदान ही पिल्लं जगू देत. कबरं फार वाळलंय, रात्री उठून बघते मी त्याला.

तुझ्या फ्लॅटचा ताबा मिळाला का? चिनूचा निकाल कळव. भावजींना नमस्कार.

मनी तुझ्याकडून गोळी कशी घ्यायची? टॉवेलात गुंडाळायचीस, की मानेला धरायचीस? पत्रानं नको, फोनच कर. काकूंना मी रविवारपर्यंत थोपवलंय.

तुझी,
सुमी