सवाईला जाताना पिशवीत काय हवं

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

परवा तुमच्या पुरवणीत ओपन एअर म्युझिक फेस्टिवलला जाताना काय पॅक करायचं याची यादी वाचली. गॉगल, रेनकोट, गमबूट, टेंट, तोंडाला लावायची चमकी. यादी वाईट नाहीये, पण पुण्याच्या पेपरात येते आणि त्यात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाचा, म्हणजे आपल्या सवाईचा, साधा उल्लेखसुद्धा नाही हे जरा अतीच झालं, डिसेंबरात हजारो माणसं मैदानावरच्या मांडवात पाच दिवस गाणं ऐकत बसतात तो फेस्टिवल नाही तर काय आहे?

बरं घरातल्या मोठ्यांना विचारावं तर त्यांची यादी वेगळीच, रजई घ्या, उशी घ्या, मोठा थर्मास घ्या. त्यांचंही बरोबर आहे म्हणा, पं. भीमसेन जोशींनी १९५३ साली आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ हे सुरू केलं आणि पुढे कितीतरी वर्षं रमणबाग शाळेच्या मैदानावर रात्र रात्र गाणं चालायचं, पहाटेचे राग पहाटेच ऐकायला मिळायचे. मग २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद, सरकार सूट देतं त्या दिवशी फार तर १२. जागा पण आता रमणबाग नाही, मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाचं मैदान. त्यामुळे सगळं गणितच बदललंय. आता दुपारी ३ च्या सुमारास तुम्ही आत शिरता तेव्हा मस्त ऊन असतं, २८-३० डिग्री, लोक नुसत्या कॉटनच्या कुर्त्यात येतात, सहा वाजता सूर्य गेला की हळूहळू गार व्हायला लागतं आणि शेवटचा कलाकार बसेपर्यंत चांगलंच गार झालेलं असतं, मांडवाच्या बाजू उघड्या, जमीन गार. रजईचा उपयोग नाही, ती दुपारभर सांभाळत बसावी लागते. एक पातळ स्वेटर, एक शाल, एक कानटोपी, एवढं पुरतं आणि घडी करून मांडीखाली पण घेता येतं.

भारतीय बैठकीचं तिकीट असेल तर खरा प्रश्न कपड्यांचा नाहीच, बुडाचा आणि पाठीचा आहे. गारवा वरून लागतो त्यापेक्षा खालून जास्त चढतो, म्हणून आधी दोन-चार जुने पेपर (तुमचाच घ्या, हरकत नाही!), त्यावर चटई आणि वर जाड आसन. गुडघ्याचा त्रास असेल त्यांनी उगाच हट्ट न करता सरळ खुर्चीचं तिकीट काढावं, सहा-सात तास मांडी घालून बसणं चाळिशीनंतर जमेलच असं नाही. चपला ठेवायला एक कापडी पिशवी, नाहीतर मध्यंतरात अर्धा वेळ चपला शोधण्यात जातो. संध्याकाळी डास येतात, त्याचं मलम. बीपी-शुगरवाल्यांनी संध्याकाळच्या गोळ्या घरी ठेवून येऊ नये, दरवर्षी कुणीतरी ख्याल अर्ध्यावर टाकून घरी पळताना दिसतं.

आणि आता माझा खरा मुद्दा, ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं. काय न्यावं याच्या इतकंच आवाज न करणारं काय न्यावं हे पण छापा. तंबोरे लागलेत, गायकानं नुकता षड्ज, म्हणजे सा, लावलाय, संथ लयीतला विलंबित ख्याल सुरू होतोय आणि शेजारी कुणीतरी चिवड्याची प्लास्टिकची पिशवी उघडतंय चर्र चर्र करत, तेही हळूहळू, म्हणजे त्रास दुप्पट वेळ. स्टीलची बाटली लवंडली की तिचा टणत्कार समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कधीच पडत नाही. तिला जुना पायमोजा चढवा, हसू नका, काम होतं. खायचं ते बाहेर स्टॉलवर जाऊन खा, आत फक्त खडीसाखर, लवंग आणि ज्येष्ठमध एका छोट्या डबीत, कारण थंडीत सगळ्यांनाच खोकला असतो आणि तो नेमका आलापीत येतो. कागदात गुंडाळलेल्या गोळ्या नकोत, घरीच कागद काढून डबीत भरा. पॉवर बँक आणा पण फोन सायलेंटवर, आणि पूर्ण ब्राइटनेसवर डोक्याच्या वर धरून रेकॉर्डिंग करणाऱ्यांबद्दल मी इथे लिहीत नाही कारण तुम्ही ते छापणार नाही.

छोट्या मुलांना घेऊन येणाऱ्यांना मात्र कुणी नाकं मुरडू नयेत असं मला वाटतं, येऊ द्या की. फक्त स्पीकरच्या अगदी पुढ्यात बसवू नका आणि चित्र काढायला वही-खडू द्या, बॅटरीवरची खेळणी नकोत.

तुम्हाला एक विनंती, महोत्सवाच्या आदल्या दिवशी पहिल्या पानावर छोटी चौकट द्या, कुठल्या गेटनं आत जायचं, बॅगेत काय चालणार नाही, आणि स्वारगेटहून शेवटची मेट्रो किती वाजता. भूमिगत स्टेशन २०२४ मधे सुरू झालं तेव्हापासून बरेच जण गाडी घरी ठेवून येतात, रात्री १० ला एकदम सगळी गर्दी रस्त्यावर येते आणि तेव्हा रिक्षावाले काय भाव सांगतात ते तुमच्या वार्ताहरानं एकदा उभं राहून ऐकावं.

एक श्रोता,
सहकारनगर, पुणे