बाईंच्या प्रचारासाठी आवाहन: हात हवेत, थोडे पैसेही

सप्रेम नमस्कार.

बाईंनी नगरसेवकपदासाठी अर्ज भरला, चिन्ह मिळालं: कपबशी. पाठीशी पक्ष नाही. आपली समिती आहे आणि बाईंच्या हाताखाली शिकलेलं निम्मं गाव आहे. घाईत लिहितो आहे, शुद्धलेखन बाई तपासतीलच.

नव्या मतदारांना माहीत नसेल म्हणून सांगतो. बाजारपेठेतलं मोठं गटार समुद्राला मिळतं तिथून उधाणाचं पाणी उलटं आत यायचं. दरवर्षी गाळ उपसला जायचा, बिल निघायचं आणि पुढच्या अमावास्येला दुकानांत पुन्हा घोटाभर पाणी. शेवटी आपल्या वेल्डरकाकांनी पदरच्या पत्र्याचं झडपेचं दार करून दिलं. ओहोटीला गटाराचं पाणी ते बाहेर ढकलतं, भरतीला समुद्रच दाबून बंद करतो. मजुरी विचारली तर म्हणाले, "रंग तेवढा आणा." पहिल्या उधाणाला बाई मध्यरात्री बॅटरी घेऊन कठड्यावर बसल्या होत्या. दार थप्पकन मिटलं आणि त्यांनी आम्हा सगळ्यांना फोन करून उठवलं! काका आज नाहीत. दार आहे, पण खाऱ्या हवेने बिजागऱ्या खाल्ल्या आहेत. पुळणीवरच्या वाळूच्या टेकाडांवर मर्यादवेल (वाळू धरून ठेवणारा वेल) लावणारी शाळेची मुलं, रोपं वाहून आणणारे होडीवाले भाऊ, पहिल्या पत्रकाची छपाई फुकट करून देणारे प्रेसवाले, कुणाकुणाचं नाव घ्यावं?

बाईंचा पहिला आग्रह हाच, की समुद्राला मिळणाऱ्या प्रत्येक गटाराला दार आणि पावसाळ्याआधी त्याची तपासणी. दुसरा विहिरींचा. किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. ढोबळ हिशेबाने समुद्रसपाटीच्या वर १ मीटर गोडं पाणी असेल, तर खाली सुमारे ४० मीटर असतं. म्हणजे उपशाने वरची पातळी थोडी उतरली तरी खालून खारं पाणी कितीतरी वर सरकतं. खालच्या आळीत साबणाला फेस येईना, तो यामुळेच. म्हणून बोअरवेलची नोंद, आणि छपरावरचं पाणी विहिरीत.

समोरच्यांच्या पत्रकात सेल्फी पॉइंट आणि दगडी बंधारा आहे. बंधारा बाई कबूल करत नाहीत. एक तर ते काम राज्याच्या मेरीटाइम बोर्डाचं (बंदरं आणि किनारा पाहणाऱ्या खात्याचं), त्याला सीआरझेडची, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामांच्या नियमांखालची परवानगी लागते. नगरसेवकाने ते आश्वासन देणं म्हणजे दुसऱ्याच्या खिशातून दक्षिणा. दुसरं, भिंतीवर आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळू ओढून नेते. पुद्दुचेरीत १९८० च्या दशकाच्या अखेरीस बंदराचे बांध झाले, वाळूची वाट अडली आणि उत्तरेकडची पुळण गेली. वर्षानुवर्षं दगड टाकून ती आली नाही. २०१८ मध्ये पाण्याखाली कृत्रिम रीफ (लाटांचा जोर मोडणारा बुडता बांध) बसवल्यावर वाळू पुन्हा धरू लागली. आधी वाळू कुठून कुठे जाते ते मोजा, एवढंच बाईंचं म्हणणं.

आता थोडं मनातलं. मागच्या सभेला पन्नास खुर्च्या मांडल्या, अकरा भरल्या. त्यात तिघं मंडपवाल्याचे. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर बाईंच्या फोटोला अंगठे मात्र ढीगभर! पाणी दुकानात शिरतं तेव्हा रात्री दोनला समितीचाच फोन वाजतो, हे लक्षात असू द्या.

मदत: पत्रकं वाटायला रोज संध्याकाळी ५ ते ७, वाचनालयाच्या पायरीशी. येत्या पौर्णिमेच्या भरतीला गटारांची तोंडं बघायला बॅटरी आणि गमबूट घेऊन या. रिक्षा, लाउडस्पीकर कुणाचा असल्यास कळवा (परवानगी आम्ही काढू). वर्गणी बाईंच्या निवडणूक खात्यातच, चेक किंवा यूपीआयने. खाते क्रमांक खजिनदारांकडे. पावती मागून घ्या, राज्य निवडणूक आयोगाला खर्चाचा हिशेब द्यायचा आहे. पाकिटात रोकड घालून दाराखालून सरकवू नये, मागच्या वेळी कुणाची ते शोधण्यात दोन दिवस गेले.

आपला,
चिटणीस

ता. क. बिजागऱ्या पितळी हव्यात. कुणाकडे जुन्या होडीच्या पडून असतील तर आधी त्या द्या.