तुराटीच्या टोकावरचं गाणं

प्रिय भाऊ,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमची लेक तुम्हाला वाचून दाखवेल. ती आश्रमशाळेत सातवीला आहे म्हणालात, तेव्हा तिला अवघड जाणार नाही. मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. तुम्ही माझ्यासाठी जे केलंत, ते तुमच्या-माझ्यातच राहावं असं मला वाटत नाही. तुमचं नाव मात्र घालत नाही, कारण तुम्हाला विचारायचं राहून गेलं.

त्या रविवारी तुमच्या शेतातून निघताना धड आभारही मानता आले नाहीत. गाडीवाला घाई करत होता आणि माझा गळा भरून आला होता. तुम्ही म्हणालात, "बाई, चहा तरी घ्या," आणि मी नुसती मान हलवली. ते तुटक वाटलं असेल तर मनात ठेवू नका.

मला कमी ऐकू येतं, एवढंच मी तुम्हाला सांगितलं होतं. बाकीचं आज सांगते. छत्तीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. उजवा कान नोकरीत असतानाच गेला. डावा हळूहळू जातो आहे, आणि तो वरच्या पट्टीपासून जातो आहे. वयाने कान जातात ते बहुधा असेच. बारीक, उंच आवाज आधी जातात. ढोल, मोटार, माणसांचं बोलणं बरंच मागाहून. त्यामुळे आपलं काही हरवतंय हे लवकर ध्यानातच येत नाही. घरातली माणसं बोलतात, कुकरची शिट्टी होते, सगळं नेहमीसारखं चाललेलं असतं. पाखरं तेवढी गप्प होतात.

आमच्या कॉलनीत आता पाखरं उरली नाहीत, असं मी दोन वर्षं सगळ्यांना सांगत होते. झाडं तोडली, घरं वाढली, म्हणून गेली. वर्गातल्या मुलांनाही तसंच शिकवलं. मग एका मार्च महिन्यात भाची राहायला आली. सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालता घालता ती थबकली आणि म्हणाली, "आत्या, काय गोड गातोय हा!" मी वर पाहिलं. समोरच्या निंबाच्या शेंड्यावर दयाळ बसला होता. काळा-पांढरा, ऐटीत. चोच उघडी, शेपूट वर-खाली, गळा फुललेला. आणि मला काहीएक ऐकू येत नव्हतं. तो रोज गात होता, भाऊ. दोन वर्षं रोज. मीच त्याला गेलेला समजत होते.

त्याच वर्षी निवृत्त झाले. फंडाच्या पैशांतून लांब झूमचा कॅमेरा घेतला. कानांनी सोडलं ते डोळ्यांनी धरून ठेवू, असं मनाशी ठरवलं. पण पाखरांचा फोटो काढणाऱ्यांना विचारा, ते सांगतील की पाखरू आधी कानाला सापडतं, मग डोळ्याला, आणि कॅमेऱ्याची पाळी शेवटी येते. पानांत लपलेला बोटभर जीव नुसत्या नजरेने शोधायचा म्हणजे गंजीत सुई शोधण्यासारखं. भाचीने मोबाइलवर मर्लिन नावाचं ॲप घालून दिलं. ते आवाज ऐकतं आणि पाखराचं नाव दाखवतं. शिंजीर, शिंपी, सुभग, एकेक नाव पडद्यावर उमटत जातं. चांगली सोय आहे, नाही म्हणत नाही. पण कुठल्या झाडावर, कुठल्या फांदीवर, हे ते सांगत नाही. आवाज कुठून आला हे कळायला दोन्ही कान लागतात. जवळच्या कानाला तो किंचित आधी आणि जरा मोठा पोचतो, त्यावरून मेंदू दिशा ओळखतो. माझा एक कान बंदच. म्हणजे माझ्याभोवती पाच पाखरं गातायत, हे मला मोबाइलवर वाचून कळायचं.

कानाचं यंत्रही घेतलं. ज्याने ते विकलं त्याने दहा मिनिटांत मला वाटेला लावलं. दयाळ ऐकायचाय म्हटल्यावर तो म्हणाला, "या वयात आता पाखरं ऐकून काय करायचंय?" त्या यंत्रातून वारा ऐकू येतो, पदराची सळसळ ऐकू येते, दूरचा ट्रॅक्टर ऐकू येतो. दयाळ येत नाही. नीट तपासून, माझ्या कानाला जुळवून दिलं असतं तर कदाचित आलाही असता. त्याला तेवढा वेळ नव्हता.

मग गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. हौशी फोटोवाल्यांच्या एका गटाबरोबर हतनूरला गेले होते. तापीवरच्या त्या धरणाच्या फुगवट्यावर थंडीत लांबून लांबून बदकं येतात. पाण्यावरची पाखरं मला चांगली जमतात, कारण ती उघड्यावर असतात. पण काठच्या बाभळींत काही बोललं की सगळे एकदम वळायचे आणि मी सगळ्यांच्या मागून. दोन-तीनदा माझ्यामुळे पाखरू उडालं असावं. त्यांच्यातला एक जण म्हणाला, "मॅडम, तुम्ही गाडीत बसा ना. आम्ही फोटो पाठवतो तुम्हाला." मी गाडीत बसले. काचेतून बघत होते. त्यांनी खिशातून छोटा स्पीकर काढला आणि पाखराचा रेकॉर्ड केलेला आवाज लावला. ते पाखरू बिचारं झुडपातून बाहेर आलं, या फांदीवरून त्या फांदीवर नुसतं तडफडत होतं. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसलाय असं त्याला वाटतं, म्हणून ते खाणंपिणं टाकून भांडायला येतं. ज्यांना धड ऐकू येत होतं, त्यांनी त्या ऐकण्याचं हे केलं. फोटो काही त्यांनी पाठवले नाहीत.

त्यानंतर मी बाहेर जाणंच सोडलं. माझं माहेर चाळीसगाव. तिथल्या स्टेशनजवळच्या बंगल्यात केकी मूस राहायचे. वर्षानुवर्षं ते घराबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत, आणि घरातल्या टेबलावर वस्तू मांडून त्यांनी जगभर नावाजलेले फोटो काढले. मी स्वतःला त्यांचं उदाहरण द्यायला लागले. चार भिंतींत काय कमी आहे? तुळशीवरचं दव काढलं, खिडकीतली चिमणी काढली. पण खरं सांगते, मूस यांनी ते आयुष्य निवडलं होतं. मी घाबरून घरात बसले होते.

यंदा पळस फुलला, आणि भाचीने हट्टाने मला पाल गावाला नेलं. फैजपूर, सावदा करत केळीच्या बागा मागे पडल्या, समोर सातपुडा उभा राहिला आणि डोंगरभर तो शेंदरी रंग दिसला तेव्हा वाटलं, आले ते बरं झालं. तुमच्या बांधावरचा पळस बघून गाडी थांबवली. भाची सुकी धरणाकडे गेली, मी तिथेच दगडावर बसले. तुम्ही तुरीच्या तुराट्या गोळा करत होतात. तुम्हाला विचारून बसले होते, पण तुम्ही काय उत्तर दिलंत ते मला कळलं नव्हतं. हात हलवलात, म्हणून बसले.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, पण माझ्या बाजूने ते कसं होतं हे तुम्हाला कळायला हवं.

पळसावर शिंजीर होता. एवढं मोबाइलने सांगितलं होतं. पानं सगळी गळलेली, नुसती फुलंच फुलं, आणि त्या फुलांमागे अंगठ्याएवढं पाखरू. माझा कॅमेरा या फांदीवरून त्या फांदीवर हिंडत होता. तुम्ही बराच वेळ बघत असणार. मग जवळ येऊन म्हणालात, "बाई, तो वरडतो, ते तुमाले आयकू येत नही का?" मी नाही म्हटलं. आता कोणीतरी काहीतरी म्हणणार, म्हणून मी मनातल्या मनात आवरून बसले. तुम्ही काहीच म्हणाला नाहीत. खाली ठेवलेल्या भाऱ्यातून एक लांब तुराटी ओढलीत. तिचं एक टोक माझ्या डाव्या तळहातावर टेकवलंत. दुसरं टोक तुमच्याकडे, तीन-चार हात लांब. परक्या बाईच्या अंगाला हात लागू नये म्हणून तुम्ही ते तसं केलंत, हे माझ्या नंतर लक्षात आलं. आणि मग त्या तुराटीवर तुम्ही बोटाने वाजवायला लागलात.

तुरीची काटकी वाळली की हलकी होते. तिच्या त्या टोकाला बोट लागलं की या टोकाला जसंच्या तसं कळतं. आधी चार-पाच ठोके भरभर. मग क्षणभर काही नाही. मग पुन्हा भरभर, या वेळी जास्त, शेवटी जरा ओढल्यासारखे. मला आधी कळेचना काय चाललंय. मग तुम्ही तुराटी उचललीत, तिच्या टोकाने वरची डावीकडची फांदी दाखवलीत, आणि परत माझ्या हातावर टेकवून वाजवायला लागलात.

मी उजव्या हाताने कॅमेरा गुडघ्यावर टेकवून त्या फांदीवर लावला. आणि तो सापडला. विणीच्या दिवसांतला नर होता, काळा वाटणारा, पण ऊन लागलं की निळा-जांभळा झळाळणारा. चोच उघडी होती. गळ्याची पिसं थरथरत होती. ती ज्या तालात थरथरत होती, त्याच तालात माझ्या तळहातावर ठोके पडत होते. तो थांबला, तुम्ही थांबलात. त्याने पुन्हा सुरू केलं, तुम्ही पुन्हा सुरू केलंत. भाऊ, चार वर्षांनी मी पाखराला गाताना पाहिलं. चोच उघडलेली पाखरं मी शेकड्यांनी पाहिली होती, पण ती मुक्या चित्रासारखी. हा गात होता.

फोटो मी फार उशिरा काढला. बटणावर बोट होतं, पण दाबावंसं वाटेना.

आणि मग तुम्ही जे केलंत, त्याने तर मी कोलमडलेच. ओढ्याकडून भारद्वाज घुमायला लागला. त्याचा आवाज खालच्या पट्टीतला, हुप हुप हुप, तो मला अजून येतो. मी लगेच हात वर करून म्हटलं, "भारद्वाज!" तुम्ही तुराटी उलटी केलीत. वाजवायचं टोक माझ्या हातात दिलंत आणि दुसऱ्या टोकाखाली स्वतःचा तळहात धरलात. म्हणजे आता मी वाजवायचं, आणि तुम्ही ऐकायचं. तुम्हाला तर तो चांगला ऐकू येत होता. तरी तुम्ही हात धरून बसलात आणि मी वाजवला.

घरी आल्यापासून मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा आठवते आहे. तुमच्या लेकीलाही ती आवडेल, म्हणून लिहिते. आपल्या खान्देशात रानपिंगळा नावाचं एक लहान घुबड आहे. १८८४ नंतर ते कोणाला सापडलंच नाही. संपलं, असं अनेकांनी धरलं. एका इंग्रज साहेबाने दुसऱ्याच्या संग्रहातला नमुना चोरला आणि १९१४ साली गुजरातेत आपण मिळवला असं खोटंच लिहून ठेवलं. शोधणारे त्या खोट्या पत्त्यावर फिरत राहिले. पामेला रासमुसेन या बाईंनी ती लबाडी उघडी पाडली, जुने खरे पत्ते हाती घेतले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये त्या आणि त्यांचे सोबती शहाद्याजवळच्या रानात आले. पिंगळा तिथेच होता. दिवसाढवळ्या झाडावर बसलेला. एकशे तेरा वर्षं तो कुठेही गेला नव्हता. हे मी आधीही वाचलं होतं, पण तुमच्या बांधावरून आल्यावर ते मला वेगळं कळलं. मलाही सगळ्यांनी सांगितलं होतं की आता संपलं, गाडीत बसा.

तुम्ही कोणाकडून शिकलात हे? मी विचारलं तेव्हा तुम्ही हसलात फक्त. मला वाटतं, हे कोणी शिकवत नसेल. समोरच्याला काय कमी आहे हे तुम्ही पाहिलंत, आणि हाताशी जे होतं, ती काटकी, ती पुढे केलीत. असे लोक मला मधूनमधून भेटतात, हेही सांगायला हवं. आमच्या एसटीचा एक कंडक्टर आहे, माझा थांबा आला की तो हाक मारत नाही, समोरच्या सीटच्या दांडीवर दोनदा टकटक करतो. बँकेतली एक मुलगी मला बघितलं की न बोलता कागद-पेन पुढे सरकवते. दोघांनीही याचा कधी उच्चार केला नाही. त्यांच्या घरी चांगले संस्कार झाले असतील, किंवा घरात कोणी म्हातारं असेल. अशा माणसांवर माझा दिवस निभतो. पण तुम्ही मला दिवस निभावण्यापलीकडचं काही दिलंत, जे आता माझ्यासाठी नाही असं मी धरून चालले होते.

होळीआधीच्या तुमच्या भोंगऱ्याच्या हाटाला, म्हणजे बाजाराला, आम्ही येतो आहोत. शिंजिराचा फोटो मोठा करून घेतला आहे, तो तुमच्या लेकीसाठी. तिला म्हणावं, गळ्याजवळची पिसं बघ, ती थोडी पुसट आली आहेत, कारण तेव्हा तो गात होता. ती तुराटी मात्र परत आणत नाही. भाचीला वाटलं मी ती चुकून गाडीत आणली. ती माझ्या कॅमेऱ्याच्या पिशवीला बांधलेली आहे.

आणि एक मागणं आहे. पाऊस लागायच्या सुमाराला ओढ्याच्या झाडीत एक रंगीबेरंगी पाखरू जमिनीवर पानं उलथत फिरतं आणि सकाळ-संध्याकाळ शीळ घालतं, असं तुम्ही म्हणालात. तो नवरंग असणार. त्याची शीळ दोनच सुरांची असते म्हणतात. मी ती लहानपणी ऐकली असेन, आता आठवत नाही. हाटाच्या दिवशी दोन मिनिटं काढून ती तुराटीवर एकदा वाजवून दाखवा. म्हणजे जूनमध्ये येईन तेव्हा मला ती ओळखता येईल.

तुमची,
बाई