पी-९ची बावीस नंबरची पिन

पुणे,
रविवार

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझी मेल आणि सोबतचे फोटो काल रात्री निवांत बघितले. बागेतल्या बीगलबोन बोर्डाला (लिनक्सवर चालणाऱ्या छोट्या संगणकाला) जोडलेला ओलाव्याचा सेन्सर कायम शून्यच दाखवतो, ही तुझी तक्रार वाचली. फोनवर हे सांगण्यात अर्थ नव्हता. तू बागेत, रेंज येते-जाते, मी "पाचवी बिट" म्हणणार आणि तुला "पाच फूट" ऐकू येणार. म्हणून लिहूनच काढतोय. लांबेल, चहा घेऊन बस.

आधी निकाल सांगतो. सेन्सर चांगला आहे, सेन्सरचा व्होल्टेज आकड्यात बदलणारी एमसीपी३००८ चिप चांगली आहे, वायरिंगही बरोबर आहे. दुसरा सेन्सर आला असेल तर पाकीट फोडू नकोस, तसंच परत पाठव. घोळ एका पिनच्या एका बिटमध्ये (० किंवा १ असलेल्या एका सेटिंगमध्ये) आहे, आणि ती पिन म्हणजे बोर्डाच्या पी-९ कनेक्टरवरची २२ नंबरची, एसपीआयच्या (बोर्ड आणि चिप ज्या तारांवरून बोलतात त्या जोडणीच्या) क्लॉकची, म्हणजे ताल देणाऱ्या ठोक्यांची.

आता तू इतके दिवस का फसलास ते. शून्य हे फार लबाड उत्तर असतं. तुझा पानाचा ओलावा मोजणारा सेन्सर कोरड्या पानावर शून्याच्या आसपासच आकडा देतो. चिप दहा बिटची, म्हणजे ० ते १०२३. दिवसभर शून्य आलं तर ऊन आहे, पान कोरडं आहे, सगळं ठीक, असंच कुणालाही वाटणार. पहाटे वेलीवरून दव टपकत असताना शून्य आलं तेव्हा कुठे शंका आली. त्याऐवजी सतत १०२३ आलं असतं, तर पहिल्याच दुपारी तू बोर्ड उघडून बसला असतास. आबा म्हणाले ना, "तुमच्या डबड्यापेक्षा माझे अनवाणी पाय बरे," ते आजच्या घडीला तरी शंभर टक्के खरं आहे. डाऊनीच्या (पानावरच्या बुरशीच्या रोगाच्या) दिवसांत पान किती तास ओलं राहिलं यावर तू फवारणी ठरवणार आणि डबा म्हणणार "कोरडं", म्हणजे डबा नसलेलाच बरा.

तुझ्या स्कोपच्या (तारेवरचे सिग्नल रेघांनी दाखवणाऱ्या यंत्राच्या) फोटोत खरं तर सगळं उत्तर आहे. वरची रेघ क्लॉकची, ठोके स्वच्छ. मधली बोर्डाकडून चिपला जाणाऱ्या डेटाची. खालची चिपकडून परत येणारी, आणि तिच्यावर चढउतार स्पष्ट दिसतायत. म्हणजे चिप बोलतेय, तिचं बोलणं पिनपर्यंत पोचतंय, आणि तरी लिनक्सच्या हातात शून्यच. नंतर चिप काढून १८ आणि २१ नंबरच्या पिना एका वायरने जोडून बघ म्हटलं होतं, त्यातही शून्यच आलं. पाठवलेलं जसंच्या तसं परत यायला हवं होतं. तिथेच चिप आणि सेन्सर दोघेही सुटले. संशय उरला तो फक्त प्रोसेसरच्या आतल्या भागावर.

आत बघायची जागा तू शोधलीस हे उत्तम केलंस. सिस, त्यात कर्नल, त्यात डीबग, त्यात पिनकंट्रोल, आणि तिथे ४४ई१०८०० ने सुरू होणारं फोल्डर. त्यातल्या 'पिन्स' नावाच्या फाईलचा तू पाठवलेला फोटो मी मोठा करून बघितला. आपल्या कामाच्या चार ओळी अशा आहेत (पत्ते आणि किमती हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या आधाराने लिहिलेल्या): पिन ८४, पत्ता ४४ई१०९५०, किंमत १०. पिन ८५, किंमत ३०. पिन ८६ आणि ८७, दोन्हींची किंमत १०.

हे ८४ कुठून आलं असं तू विचारलं होतंस. या बोर्डावर सगळ्यात जास्त डोकं खातात ती ही नावंच. आपले मामा कसे, घरात बापू, शाळेत सर, सासरी जावईबापू आणि सातबाऱ्यावर तिसरंच काही; तसा हा प्रकार आहे. कनेक्टरवर ती पी-९ची २२ नंबरची पिन. प्रोसेसरच्या कागदात एसपीआय-झिरोची क्लॉक. जीपीआयओ, म्हणजे साधी चालू-बंद पिन, म्हणून वापरली तर गट शून्यमधली दोन नंबरची. त्याच पिनवर यूआर्ट-दोन या सिरियल पोर्टचा आरएक्ससुद्धा (डेटा आत येण्याची तार) येऊ शकतो. आणि कर्नलच्या यादीत ती ८४. हा शेवटचा आकडा हिशेबाने निघतो: पिनांची रजिस्टरं (सेटिंग ठेवायच्या जागा) ४४ई१०८०० पासून सुरू होतात, प्रत्येक चार बाइटचं. ९५० मधून ८०० वजा केले की हेक्समध्ये १५० उरतात, म्हणजे आपले ३३६, त्याला चारने भागलं की ८४. मॅन्युअलमध्ये ९५० छापलेलं असतं, आणि डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय कुठे जोडलंय ते लिनक्सला सांगणाऱ्या फाईलमध्ये) कच्चा आकडा लिहायचा झाला तर १५० लिहावा लागतो. मॅक्रो वापरलास तर वजाबाकी तोच करतो. तू मॅक्रोच वापरलायस, तेव्हा तिथे काळजी नाही.

आता किंमत वाचू. या प्रोसेसरमध्ये, म्हणजे एएम३३५८ मध्ये, प्रत्येक पिनच्या रजिस्टरच्या तळाच्या सात बिट आपल्या कामाच्या. शून्य ते दोन या तीन बिटमध्ये मोड, ० ते ७. सात म्हणजे जीपीआयओ. एसपीआय-झिरोच्या चारही पिनांना मोड शून्य लागतो. तिसरी बिट पुल (पिन मोकळी असताना तिला वर किंवा खाली ओढून ठेवणारा आतला रेझिस्टर) बंद करते, म्हणजे ती शून्य असेल तर पुल चालू. हे उलटं आहे, लक्षात ठेव. चौथी एक असेल तर पुलअप, शून्य असेल तर पुलडाउन. पाचवी बिट म्हणजे रिसीव्हर चालू: पिनवर काय चाललंय ते आत ऐकायचं की नाही. सहावी स्लूची, म्हणजे सिग्नल किती झटकन बदलतो त्याची, तिला हात लावायचं कारण नाही. बिट शून्यापासून मोजतोय, हे मी फोनवर तुला तीनदा सांगितलं होतं!

तर ३० म्हणजे मोड शून्य, पुलअप, रिसीव्हर चालू. ८५ म्हणजे पी-९ची २१, तिच्यावरून चिपचं उत्तर येतं, तिला हे बरोबर. १० म्हणजे बाकी सगळं तेच, फक्त रिसीव्हर बंद. ८६ वरून डेटा बाहेर जातो, ८७ वरून चिप सिलेक्ट, दोन्ही नुसत्या जाणाऱ्या, त्यांना १० ठीक. ८४ सुद्धा तू १० केलीस, कारण क्लॉक बोर्डच देतो, चिप नाही, मग ती आउटपुट. तुझा तर्क सरळ आहे, आणि बाकी कितीतरी प्रोसेसरांवर तो चालूनही जातो. इथे चालत नाही.

कारण असं. पाठवताना एसपीआयचं हार्डवेअर आतलाच क्लॉक वापरतं, म्हणून स्कोपवर सगळं सुरेख दिसलं. पण आलेली बिट पकडताना ते आतला क्लॉक वापरत नाही. क्लॉक पिनवर जाऊन तिथून परत आत येतो, आणि त्या परत आलेल्या ठोक्यावर बिट पकडली जाते. हे मुद्दाम केलंय. क्लॉकला बाहेर पडेपर्यंत जो उशीर होतो तो येणाऱ्या डेटाच्या वेळेशी जुळावा लागतो. आता पाचवी बिट शून्य असेल तर ठोका बाहेर जातो, चिपला मिळतो, चिप उत्तर देते, पण ठोका परत आत येतच नाही. मग पकडणार कधी आणि कुठल्या ठोक्याला? हातात शून्य.

मॅन्युअलमध्ये हे आहे. चार हजारांवर पानं आहेत त्याची, आणि ही गोष्ट एसपीआयच्या प्रकरणात सिग्नलांच्या तक्त्याखालच्या टिपेत आहे. माझ्या मते ती तक्त्यातच असायला हवी होती, क्लॉकच्या ओळीसमोर ठळक अक्षरात. दिशेच्या रकान्यात "आउटपुट" वाचल्यावर खालची टीप कोण बघतो?

दुसरी गंमत तू मेलच्या शेवटी सहज लिहिलीस, पण ती मला जास्त आवडली. डेव्हमेमने (मेमरीत थेट वाचायच्या-लिहायच्या प्रोग्रॅमने) थेट त्या पत्त्यावर ३० लिहिलंस, काही तक्रार आली नाही, आणि परत वाचलं तर १० च! तू विचारलंस, बोर्ड बिघडला का? नाही. हा कंट्रोल मॉड्यूलचा भाग आहे, आणि इथलं लिखाण प्रोसेसर फक्त प्रिव्हिलेज्ड मोडमध्ये, म्हणजे कर्नलकडूनच स्वीकारतो. तू रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर, असलास तरी तुझा प्रोग्रॅम युजर मोडमध्येच चालतो. वाचता येतं, लिहिलेलं मात्र चुपचाप टाकून दिलं जातं. एरर नाही, लॉगमध्ये ओळ नाही. नियम म्हणून मला तो पटतो, पण गप्प बसणं पटत नाही. त्यामुळे डेव्हमेम फक्त वाचायला वापर.

दुरुस्ती दोन मिनिटांची आहे. ओव्हरलेच्या (डिव्हाइस ट्रीला जोडायच्या तुकड्याच्या) सोर्समध्ये ९५० च्या ओळीवर 'पिन आउटपुट पुलअप' आहे, तिथे 'पिन इनपुट पुलअप' कर. बाकी तीन ओळींना हात लावू नकोस. घाबरू नकोस, इनपुट लिहिल्याने क्लॉक बाहेर जायचा थांबत नाही. बाहेर काय जाणार ते मोड ठरवतो, या शब्दाने फक्त रिसीव्हर चालू होतो. ओव्हरले पुन्हा कंपाइल कर, फर्मवेअरच्या फोल्डरमधल्या जुन्या फाईलवर टाक आणि बोर्ड रीबूट कर. तुझे ओव्हरले यू-बूट (लिनक्सच्या आधी चालणारा प्रोग्रॅम) चढवतो, त्यामुळे रीबूटशिवाय बदल दिसणार नाही. मग एसपीआयचा प्रोग्रॅम चालवायच्या आधी पिन ८४ ची ओळ बघ. ३० दिसलं तरच पुढे जा. १० च दिसलं तर बोर्ड दुसरीच फाईल उचलतोय. बूटच्या फोल्डरमधल्या यू-एन्व्ह फाईलमध्ये ओव्हरलेचं नाव काय लिहिलंय ते तपास. ही खोड लावून घे: सोर्समध्ये तू काय मागितलंस ते असतं, मिळालं काय ते या फाईलमध्ये. मी हल्ली वायर जोडायच्या आधीच तिथे डोकावतो.

आता तू जे पुढे करायचं म्हणतोयस त्याबद्दल. बोर्डावर बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही, म्हणून डीएस३२३१ हे घड्याळाचं मॉड्यूल लावायचं ठरवलंस, चांगलं आहे. पण ते पी-९च्या १७ आणि १८ वर जोडणार लिहिलंयस. तिथे आयस्क्वेअरसी-एक (घड्याळासारख्या चिपांशी बोलायची दोन तारांची जोडणी) येतं हे खरं, पण मोड दोनमध्ये, आणि त्याच दोन पिना आपला एसपीआय मोड शून्यमध्ये घेऊन बसलाय. एक पिन एका वेळी एकाचीच. जो आधी येईल तो घेईल, आणि दुसऱ्यासाठी लॉगमध्ये ओळ येईल की ही पिन आधीच अमक्याने मागितली आहे. अशी ओळ दिसली की पिनकंट्रोलच्याच फोल्डरमध्ये 'पिनमक्स-पिन्स' उघड, त्यात प्रत्येक पिनसमोर मालकाचं नाव असतं. तू घड्याळ १९ आणि २० वर लाव. तिथे आयस्क्वेअरसी-दोन आहे आणि ते बहुतेक इमेजमध्ये आधीपासूनच चालू असतं.

पर्जन्यमापकाची भरली की उलटणारी बादली तू पी-८ च्या ४१ नंबरवर लावणार होतास. तिथे मुळीच नको. पी-८ च्या ३१ ते ४६ या पिना प्रोसेसर चालू होताना वाचतो, आणि कुठून बूट व्हायचं वगैरे त्यावरून ठरवतो. बादली नेमकी मध्ये अडकून तिचा रीड स्विच (चुंबकाने जुळणारा) ग्राउंडला टेकलेला असताना लाइट गेली आणि आली, तर बोर्ड उठणारच नाही, आणि तू रात्री अकराला टॉर्च घेऊन बागेत. पी-९ची १२ घे. मोकळी आहे. मोड सात, इनपुट, पुलअप. फाईलमध्ये पिन ३० समोर ३७ दिसायला हवं. स्विचचं दुसरं टोक ग्राउंडला.

आणि सेन्सरची वायर लांब पडते म्हणून चिप काढून बोर्डाच्या आतल्या एडीसीवरच (व्होल्टेज आकड्यात बदलणाऱ्या भागावरच) जोडू का, असं तू मध्ये विचारलं होतंस. नको. तो एडीसी १.८ व्होल्टचा आहे, तुझा सेन्सर ओला झाला की तीनच्या जवळ जातो. एका पहाटेच्या दवात प्रोसेसर जाईल. चिप आहे तिथेच राहू दे.

सगळं चाललं की स्पायडेव्हवर (प्रोग्रॅमला एसपीआय थेट वापरू देणाऱ्या लिनक्सच्या सोयीवर) लिहिलेला तुझा पायथनचा प्रोग्रॅम बाजूला ठेव. या चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आयआयओखाली (सेन्सर आणि एडीसींच्या विभागात) आहे. डिव्हाइस ट्रीमध्ये चिपचं नाव आणि व्हीरेफचा (मोजमापाच्या संदर्भ व्होल्टेजचा) पुरवठा सांगितलास की प्रत्येक चॅनलची एक फाईल तयार होते, ती वाचायची, बस. बिट सरकवायचा उद्योग संपला.

बाकी इथे ठीक. वहिनींना नमस्कार, आबांना साष्टांग. पुढच्या शनिवारी सकाळच्या गाडीने मिरजेला उतरतोय, तिथून तासगावला येईन. तोवर ८४ चे ३० झालेले असू देत.

तुझा,
अविनाश

ता. क. १८ आणि २१ जोडणारी ती वायर काढलीस ना? ती तशीच ठेवून चिप लावलीस तर बोर्डाचं आणि चिपचं आउटपुट एकमेकांवर येईल. आणि पी-९च्या ५ ते ८ वर पाच व्होल्ट आहेत. जंपर हलवताना बोर्ड बंदच ठेव.