शेड पुरे झाल्या, आता माणसं द्या : पशुसंवर्धन मंत्र्यांना खुलं पत्र

मा. पशुसंवर्धन मंत्री यांस,
स. न. वि. वि.

विषय : अपंग कुत्र्यांच्या आश्रयस्थळांना मिळणारा निधी सेवकांच्या पगारावर आणि प्रशिक्षणावर खर्च करू देण्याबाबत.

मंत्रिमहोदय,

विषय लिहिला नाही तर पत्र टेबलावरून पुढे सरकत नाही, म्हणून तो वर लिहिलाय. आता नीट सांगते.

आम्ही गावाबाहेर अपंग कुत्र्यांचं आश्रयस्थळ चालवतो. कमरेतून गेलेले, तीन पायांचे, आंधळे, बहिरे, डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणूजन्य रोगातून वाचले पण अंगाचे झटके कायमचे घेऊन बसलेले, असे सगळे आमच्याकडे असतात. मदत मिळते ती शेडसाठी, पिंजऱ्यांसाठी, कधी एखाद्या गाडीसाठी. पगार मात्र ‘आवर्ती खर्च’, म्हणजे पुन्हा पुन्हा लागणारा, म्हणून तो बाद. वर्षाच्या शेवटी एक तक्ता भरून द्यायचा असतो, त्यात तीन रकाने : दाखल, उपचार केलेले, बरे होऊन सोडलेले. आमचा तिसरा रकाना जवळजवळ कोराच जातो. तपासणीला आलेले एक साहेब तो बघून म्हणाले, ‘‘तुमचा निकाल काही बरा दिसत नाही.’’ ते रागावले नव्हते, खरंच हळहळत होते. त्यांना काय सांगायचं ते तेव्हा सुचलं नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

गाडीखाली येऊन कमरेतून गेलेला कुत्रा पाहिला की लोकांना त्याचे पाय दिसतात. आम्ही आधी त्याचं मूत्राशय बघतो. पाय गेले म्हणून कुत्रा मरत नाही, लघवी तुंबली तर मात्र मरतो. मणका छाती आणि कमरेच्या मध्ये दुखावला असेल तर मूत्राशयाचं तोंड आवळलेलं राहतं, दाबूनही सहजी सुटत नाही. शेपटीच्या बाजूला दुखावला असेल तर ते सैल पडतं आणि थेंबथेंब गळत राहतं. फसगत होते ती इथे. फडकं ओलं दिसलं की माणसाला वाटतं, होतेय की याची लघवी! प्रत्यक्षात आतली पिशवी काठोकाठ भरलेली असते आणि वरचं ओसंडून वाहत असतं. म्हणून दर सहा-आठ तासांनी ती हाताने रिकामी करावी लागते. आज, उद्या, सणावाराला, आपण आजारी असलो तरी, आणि तो कुत्रा जगेल तितकी वर्षं.

आमच्या ठकीचं उदाहरण घ्या. तिला उभं करून मागचा भाग आपल्या गुडघ्यांमध्ये धरायचा. दोन्ही हात पोटाच्या दोन बाजूंनी, बरगड्या संपतात त्याच्या मागे आणि मांड्यांच्या पुढे. बोटं सपाट ठेवायची, टोकं रुतवायची नाहीत. थोडं चाचपलं की पाणी भरलेल्या फुग्यासारखं काहीतरी हाताला लागतं. ते निसटू न देता मागे, शेपटीच्या दिशेने, सावकाश दाब द्यायचा. ठकी पहिल्यांदा पोट कडक करते. तेव्हा जोर करायचा नाही, कारण फार जोर केला तर मूत्राशय फुटूही शकतं. तिच्याशी काहीबाही बोलत थांबायचं, पोट सैल पडलं की पुन्हा दाबायचं. धार लागली की दाब तसाच धरून ठेवायचा. नवीन माणूस पहिली धार आली की खूश होऊन हात काढतो. उरलेली लघवी आत राहते, त्यात जंतू वाढतात, काही दिवसांनी लघवीला वास येतो, ताप चढतो, आणि दुखणं वर मूत्रपिंडापर्यंत जातं. धार संपल्यावर क्षणभर थांबून पुन्हा चाचपायचं, पिशवी हाताला लागेनाशी झाली की झालं. मग रंग बघायचा, गढूळपणा बघायचा, वास घ्यायचा. हो, वास घ्यायचा. प्रयोगशाळा लांब असते आणि आमच्या सेविका वनिताबाईंचं नाक जवळ. त्यांनी ‘‘आज हिचं काहीतरी बिनसलंय’’ म्हटलं की आम्ही नमुना पाठवायच्या तयारीला लागतो.

हे काम वाचून येत नाही. हातावर हात ठेवून शिकवावं लागतं आणि अंगवळणी पडायला काही आठवडे जातात. बरं, शिकलेला माणूस टिकतोच असंही नाही. शेतीची कामं निघाली की तिकडे मजुरी जास्त मिळते, आणि त्याने तिकडे जाऊ नये असं कोणत्या तोंडाने सांगू? घर त्यालाही आहे. तो गेला की राहिलेल्यांवर दुप्पट कुत्री येतात. हात घाईने फिरू लागतात आणि पिशव्या अर्ध्या रिकाम्या राहतात. नवीन शेड बांधून यातलं काहीच सुधारत नाही. उलट शेड दिसली की फाटकाशी आणखी दोन पोती सोडून जातात, आत कुत्रा असतो.

बाकीचा दिवस थोडक्यात सांगते. जे स्वतः कूस बदलू शकत नाहीत त्यांची कूस दर दोन-चार तासांनी बदलायची, नाहीतर कोपर, खुबा, बसायची हाडं, जिथे हाड कातडीला टेकतं तिथे जखम होते. ती आधी नुसती लाल दिसते, म्हणून केस बाजूला करून बघावं लागतं. फरपटत जाणाऱ्यांच्या पायांची वरची बाजू सोलली जाते, त्यांना मोजे. दमट दिवसांत माश्यांशी शर्यत लागते. ओल्या जखमेवर माशीने अंडी घातली तर एका दिवसात अळ्या बाहेर पडतात, आणि ज्या कुत्र्याला मागच्या भागात काही जाणवतच नाही तो कण्हत नाही की चाटत नाही. त्याच्या वतीने आपणच दोन्ही वेळा शेपटीखाली बघायचं. आंधळ्यांचं त्या मानाने सोपं. पाण्याचं भांडं आणि झोपायची जागा हलवली नाही की ते असे वावरतात की पाहुण्याला सांगावं लागतं, याला दिसत नाही. बहिऱ्यांना हातवारे लवकर कळतात, फक्त झोपेत असताना पाठीमागून हात लावायचा नाही. तीन पायांच्यांबद्दल लिहायचं तर त्यांना आवरणं हेच काम आहे. वजन तेवढं वाढू द्यायचं नाही.

कुत्र्याच्या लुळ्या मागच्या भागाला आधार देणाऱ्या चाकाच्या गाडीबद्दल मात्र थांबून लिहावं लागेल, कारण भेट म्हणून सगळ्यात जास्त तीच येते. चाकांवर धावणाऱ्या कुत्र्याचा व्हिडिओ बघून कोणाचे डोळे भरून येणार नाहीत? माझेही येतात. पण गाडी म्हणजे पाय नव्हेत. दोन चाकांच्या गाडीत बांधलेल्या कुत्र्याला नीट आडवं होता येत नाही, म्हणून ती दिवसभर घालून ठेवायची नसते. थोडा वेळ, तेही कोणीतरी लक्ष ठेवायला असताना. एरवीही कुत्र्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो. गाडीची उंची चुकली की तो आणखी वाढतो आणि धडधाकट खांदेही दुखू लागतात. जांघेत पट्टा घासला तर तिथे जखम, आणि ती जखम त्याला कळतच नाही. प्रत्येकाचं माप वेगळं, म्हणून दान आलेल्या कितीतरी गाड्या आमच्याकडे भिंतीला टांगलेल्या आहेत. गाडी घालायला, काढायला, पट्टे बघायला माणूस लागतो. गाडीबरोबर तो येत नाही. लघवी काढतानाचा फोटो टाकला तर कोणी देणगी देत नाही, हेही आलंच.

आता तुमच्या खात्याच्या डॉक्टरांबद्दल. आमच्या भागातले डॉक्टर भले गृहस्थ आहेत, रात्री-अपरात्री येतात. पण त्यांचा हात बसलाय गाई-म्हशींवर, आणि ते स्वतःच सांगतात की कुत्र्याच्या मणक्याचं आम्हाला फारसं शिकवलं नव्हतं. पहिल्या काही तासांत काय होतं यावर पुढचं सगळं ठरतं. अपघात झालेल्या कुत्र्याला लोक पुढचे-मागचे पाय धरून उचलतात आणि मोडलेला मणका आणखी सरकतो. फळीवर सरळ झोपवून आणा, एवढं प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलं तरी फरक पडेल. दुसरी गोष्ट संवेदनेच्या तपासणीची. पायाचं बोट चिमट्यात दाबलं आणि पाय आखडला, की सगळे म्हणतात, आहे, जाणीव आहे! पण पाय आखडणं ही मणक्याची स्वतःची प्रतिक्रिया असते, ती मेंदूला न विचारता होते. कुत्र्याने मान वळवली, ओरडला, चावायला आला, तर त्याला कळलं असं समजायचं. हा फरक न कळल्याने कोणाला खोटी आशा लावली जाते आणि कोणाला घाईने दयामरणाची सुई दिली जाते. आमच्या बंड्याला मागच्या पायांत खोल संवेदना, म्हणजे जोरात दाबल्यावर कळणारी वेदना, आजही नाही, तरी कित्येक महिन्यांच्या व्यायामानंतर तो वेडावाकडा का होईना, चालतो. काही कुत्र्यांत असं मणक्याच्या प्रतिक्रियेवरचं चालणं येतं. सगळ्यांत येत नाही, आणि आम्ही तसं वचन कोणालाही देत नाही.

सुईचा विषय निघालाच आहे तर तो टाळत नाही. आमच्याकडेही दयामरण दिलं जातं. ‘आम्ही एकही जीव जाऊ देत नाही’ अशी पाटी लावून आत जखमा चिघळलेली कुत्री ओळीने ठेवलेल्या जागा मी पाहिल्या आहेत, आणि ‘चालत नाही ना, मग संपवा’ म्हणणारेही रोज भेटतात. दोघांनाही कुत्र्याकडे नीट बघायचं नसतं, असं माझं मत आहे. अमेरिकेतल्या पशुवैद्य अॅलिस व्हिलालोबोस यांनी २००४ मध्ये एक मोजपट्टी मांडली : वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. सात बाबी, प्रत्येकीला शून्य ते दहा गुण, पस्तीसच्या वर असेल तर जगणं सुसह्य समजायचं. यात हालचाल ही सातांपैकी एकच बाब आहे, हे लक्षात घ्या. ठकी त्या एका बाबीत नापास होते आणि बाकी सहांत आमच्या काही धडधाकट कुत्र्यांच्या पुढे आहे. स्वच्छता आणि वेदना या दोन बाबींचे गुण मात्र कुत्र्याच्या हातात नसतात. ते सेवकाच्या हातात असतात. सेवक कमी पडला की गुण घसरतात, आणि मग कागदावर दयामरण योग्यच दिसायला लागतं. जे माणसं ठेवून टळलं असतं, त्यासाठी सुई दिली जाते.

सेवकांच्या जिवाचंही बोलायला हवं. रेबीज म्हणजे पिसाळून चावत सुटणारा कुत्रा, एवढंच लोकांना माहीत असतं. त्याचा दुसरा, मुका प्रकारही असतो. त्यात कुत्रा लुळा पडतो, जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही. ‘याला कोणीतरी गाडीने उडवलंय, बघा ना’ असं म्हणून तो आमच्याच दारात आणला जातो, आणि घशात काही अडकलंय का बघायला कोणीतरी तोंडात हात घालतं. माणसांना होणाऱ्या रेबीजच्या जवळजवळ सगळ्या घटना, ९९ टक्क्यांपर्यंत, कुत्र्यांमुळे होतात, आणि लक्षणं सुरू झाल्यावर माणूस वाचणं जवळपास अशक्य. २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणाऱ्या रेबीजने एकही माणूस मरू नये, हे जागतिक उद्दिष्ट आहे. मग रोज अशा कुत्र्यांना हाताळणाऱ्यांना चावा बसण्याआधीचीच लस देण्यापासून सुरुवात का करू नये? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशीप्रमाणे त्यासाठी आठवड्याच्या अंतराने दोन फेऱ्या पुरतात. त्यानंतर चावा बसला तरी पुन्हा लस घ्यावी लागते, पण उपचार सुटसुटीत होतात. आमच्याकडे रोजंदारीवर येणाऱ्या माणसाची ही लस कोणत्याच खात्याच्या यादीत बसत नाही. लघवीतून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचंही तेच : हातमोजे ‘साहित्यात’ येतात, मोजे घालणारा माणूस येत नाही.

मागणं फार मोठं नाही. मंजूर निधीतला ठरावीक हिस्सा पगारावर खर्च करायला परवानगी द्या. नवीन पैसा नको, आहे त्यातलाच. तुमच्या प्रशिक्षण केंद्रांत पशुसेवकांसाठी एक छोटा अभ्यासक्रम सुरू करा, त्यात मूत्राशय रिकामं करणं, बेडसोअरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमांची, काळजी आणि जखमी प्राण्याची वाहतूक एवढं जरी आलं तरी चालेल. शिकवायला आमच्या वनिताबाई येतील, त्यांना मानधन आणि जायचं-यायचं भाडं द्या म्हणजे झालं. प्रमाणपत्र मिळालं तर हे काम म्हणजे घाण काढणं नाही, हे त्यांच्या घरच्यांनाही पटेल. सेवकांना रेबीजची आगाऊ लस द्या. डिस्टेंपरची लस गावोगावी स्वस्तात पोचवा, म्हणजे ते झटके घेऊन आमच्याकडे येणारी कुत्री कमी होतील. आणि त्या तक्त्यात चौथा रकाना वाढवा : ‘कायम सांभाळातले’. त्याखाली कुत्र्यांची संख्या विचारा, आणि शेजारी माणसांचीही.

तपासणीला कोणी येणार असेल तर आनंद आहे. फक्त सकाळी सहाला या. नऊला आलात तर लघव्या काढून, अंगं पुसून, गोधड्या वाळत घालून झालेल्या असतात, सगळी कुत्री उन्हात पसरलेली असतात, आणि साहेबांना वाटतं, इथे एवढी माणसं हवीत तरी कशाला?

कळावे,
आपली विश्वासू,
अपंग कुत्र्यांच्या एका आश्रयस्थळाची चालक